स्टुडंट व्हिसा संपत आलाय? मुदतवाढ, परतीचं तिकीट आणि ओव्हरस्टे: कशाला किती पडतं

पहाटे पावणेपाचला फोन वाजला. मी तेव्हा बहिणीकडे इचलकरंजीला होतो. भाचा लेस्टरहून बोलत होता. तिकडे रात्रीचे सव्वाअकरा. "मामा, बाबांना उठवा ना, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आलाय."

त्याच्या व्हिसाची मुदत त्याच मध्यरात्री संपत होती. फॉर्म तीन आठवड्यांपासून भरून तयार होता, राहिले होते ते फक्त पैसे. वडिलांच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. ते बँकेच्या ॲपमधून सुरू केले, तर रोजची मर्यादा आडवी आली. ती वाढवली, तोवर पहिला ओटीपी बाद झाला. तिसऱ्या प्रयत्नाला पैसे गेले, तेव्हा लेस्टरच्या घड्याळात बारा वाजायला अकरा मिनिटं होती. मेहुणे पलंगाच्या कडेवर बसून राहिले. चहासुद्धा नको म्हणाले.

त्या अकरा मिनिटांच्या अलीकडे आणि पलीकडे काय असतं, हे त्यानंतर मी नीट समजून घेतलं. ब्रिटनमध्ये मुलं शिकायला पाठवलेल्या प्रत्येक घराला हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. व्हिसा संपत आला की तीन रस्ते असतात: मुदतवाढीचा अर्ज, वेळेत घरी परत येणं, किंवा गप्प बसून राहणं, म्हणजे ओव्हरस्टे. पहिल्या दोन्हींचा खर्च आधी सांगता येतो. तिसरा फुकट वाटतो आणि सगळ्यात महाग पडतो.

हिशेब सोपा जावा म्हणून खाली एक पौंड म्हणजे १२० रुपये धरला आहे. अर्जाच्या फीचे आकडे ९ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दरांचे आहेत. ब्रिटिश सरकार हे दर वेळोवेळी वाढवतं, म्हणून पैसे भरण्याआधी 'गव्ह डॉट यूके' या सरकारी संकेतस्थळावर त्या दिवसाचा दर पाहून घ्या.

आधी खरी तारीख शोधा

बऱ्याच घरांत गोंधळ इथूनच सुरू होतो. कोर्स संपण्याची तारीख वेगळी आणि व्हिसा संपण्याची वेगळी. बारा महिने किंवा त्याहून मोठा कोर्स असेल, तर कोर्स संपल्यावर साधारण चार महिन्यांचा जादा काळ मिळतो. सहा ते बारा महिन्यांच्या कोर्सला दोन महिने मिळतात. त्यामुळे सप्टेंबरमध्ये मास्टर्स संपवणाऱ्या मुलाचा व्हिसा पुढच्या जानेवारीपर्यंत असू शकतो.

पूर्वी ही तारीख बीआरपी नावाच्या प्लॅस्टिकच्या कार्डावर असायची. ती कार्डं २०२४ अखेर बंद झाली. आता ई-व्हिसा आहे आणि तारीख मुलाच्या यूकेव्हीआय, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्यात दिसते. जुन्या कार्डावरची '३१ डिसेंबर २०२४' ही तारीख पाहून कित्येक पालक उगाच घाबरले. तिचा खऱ्या मुदतीशी संबंध नव्हता. मुलाला खातं उघडून त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. तोंडी सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खात्यात दिसणारी तारीखही पक्की नसते. मुलानं कोर्स सोडला, फी थकल्यामुळे नाव कमी झालं किंवा हजेरी घसरल्यामुळे युनिव्हर्सिटीनं त्याला काढलं, तर युनिव्हर्सिटीला १० कामकाजाच्या दिवसांत ते होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, कळवावंच लागतं. मग होम ऑफिस व्हिसा आखूड करतं, बहुतेक वेळा ६० दिवसांवर आणतं. ते पत्र ईमेलवर येतं. युनिव्हर्सिटीचा मेल बंद झालेला असेल किंवा पत्र स्पॅममध्ये पडलं असेल, तरी दिवस मोजले जातातच. म्हणून यूकेव्हीआय खात्यात मुलाचा रोजच्या वापरातला ईमेल आणि चालू फोन नंबर असलाच पाहिजे.

मुदतवाढ कोणाला मिळते

स्टुडंट व्हिसाला 'मुदतवाढ' म्हणतात खरं, पण प्रत्यक्षात तो नवा अर्जच असतो. त्याला युनिव्हर्सिटीकडून नवं कॅस लागतं. कॅस म्हणजे 'हा आमचा विद्यार्थी आहे, अमुक तारखेपर्यंत शिकणार आहे' अशी युनिव्हर्सिटीची नोंद आणि तिचा क्रमांक. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. बाकीची कागदपत्रं त्यानंतर.

आपल्याकडची मुलं बहुतेक वेळा दोन कारणांनी अडकतात: डिझर्टेशन पुन्हा सादर करायचं असतं किंवा एखाददुसरा विषय राहिलेला असतो. अशा वेळी युनिव्हर्सिटीला सरळ एकच प्रश्न विचारा: "हे हजेरीसह आहे की हजेरीशिवाय?" वर्ग, लॅब किंवा गाइडच्या ठरलेल्या भेटी असतील, तर युनिव्हर्सिटी नवं कॅस देऊ शकते. नुसता पेपर द्यायचा असेल किंवा प्रबंध ईमेलनं पाठवायचा असेल, तर पुष्कळ युनिव्हर्सिट्या कॅस देत नाहीत. मुलाला परत जायला आणि काम भारतातून पाठवायला सांगतात.

हा नकार जिव्हारी लागतो, कारण पुढचं बरंच काही त्याला बांधलेलं असतं. कोर्स पूर्ण झाल्यावर जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, ज्याला आपली मुलं अजूनही पीएसडब्ल्यू म्हणतात, त्याचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच आणि स्टुडंट व्हिसा चालू असतानाच करावा लागतो. भारतात येऊन पदवी पूर्ण केली, तर तो रस्ता बंद होतो. दोन वर्षं नोकरी करून कर्ज फेडण्याचा बेत याच व्हिसावर उभा असतो. म्हणूनच काही मुलं 'निकाल लागेपर्यंत थांबतो' म्हणत तारीख उलटू देतात. त्यांची घालमेल मला समजते. पण तारीख उलटली की ग्रॅज्युएट व्हिसा तसाही जातो, आणि वर ओव्हरस्टेची नोंद कायमची मागे लागते. थांबून हाती काहीच लागत नाही.

कॅस मिळत असेल, तर पुढच्या गोष्टी तपासा:

- चालू व्हिसा संपण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत अर्ज करता येतो.
- नव्या कॅसवरचा अभ्यास चालू व्हिसा संपल्यापासून २८ दिवसांच्या आत सुरू झाला पाहिजे.
- व्हिसावर ब्रिटनमध्ये बारा महिने किंवा त्याहून जास्त काळ झाला असेल, तर खात्यातली शिल्लक दाखवावी लागत नाही. त्याहून कमी काळ झाला असेल, तर दाखवावी लागते.
- काही विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना एटास नावाची परवानगी लागते. कोर्स तीन महिन्यांहून जास्त लांबला, तर ती नव्यानं घ्यावी लागते. तिला फी नाही, पण वेळ लागतो.
- पासपोर्टची मुदत पाहा. ती संपत आली असेल, तर भारतीय उच्चायुक्तालयाकडून नवा पासपोर्ट मिळायला काही आठवडे जाऊ शकतात.

मुदतवाढीला किती पडतं

मुख्य खर्च दोन: अर्जाची फी आणि हेल्थ सरचार्ज. सरचार्ज म्हणजे एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, उपचारांसाठी आगाऊ भरायची रक्कम, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. वर्षाचा तुकडा सहा महिन्यांपर्यंतचा असेल तर निम्मी, त्याहून मोठा असेल तर पूर्ण वर्षाची.

- अर्जाची फी: ५२४ पौंड, म्हणजे ६२,८८० रुपये
- सरचार्ज, सहा महिन्यांपर्यंत: ३८८ पौंड, म्हणजे ४६,५६० रुपये
- सरचार्ज, सहा महिन्यांहून जास्त आणि वर्षापर्यंत: ७७६ पौंड, म्हणजे ९३,१२० रुपये
- एकूण, छोट्या मुदतवाढीला: ९१२ पौंड, म्हणजे १,०९,४४० रुपये
- एकूण, वर्षापर्यंतच्या मुदतवाढीला: १,३०० पौंड, म्हणजे १,५६,००० रुपये

यात युनिव्हर्सिटीची फी धरलेली नाही. विषय पुन्हा करायचा असेल, तर त्याची फी वेगळी लागते आणि प्रत्येक ठिकाणी ती निराळी असते. ती लेखी मागून घ्या. बरोबर पत्नी, पती किंवा मूल डिपेंडंट व्हिसावर असेल, तर त्या प्रत्येकाची फी आणि सरचार्ज वेगळा भरावा लागतो.

अर्जाचा निकाल सहसा आठ आठवड्यांत येतो. पाच कामकाजाच्या दिवसांत हवा असेल तर ५०० पौंड जादा, दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी हवा असेल तर १,००० पौंड जादा. अर्ज वेळेत केला असेल, तर बहुतेक मुलांना हा खर्च करायची गरज नसते. का, ते पुढे येतं.

अर्ज नाकारला गेला, तर फी परत मिळत नाही, सरचार्ज मात्र परत येतो. निर्णयात चूक झाली आहे असं वाटलं, तर १४ दिवसांत ८० पौंड भरून फेरतपासणी मागता येते.

ज्यांचा कोर्स पूर्ण झाला आहे त्यांनी स्टुडंट व्हिसा वाढवायच्या मागे न लागता ग्रॅज्युएट व्हिसा पाहावा. त्याची फी ८८० पौंड आणि सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंड. दोन वर्षांचे एकूण २,९५० पौंड, म्हणजे ३,५४,००० रुपये, एकरकमी भरावे लागतात. कोर्स पूर्ण झाल्याचं युनिव्हर्सिटीनं होम ऑफिसला कळवल्यावरच हा अर्ज करावा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स-मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळतील. पीएचडीला तीन वर्षं कायम आहेत.

अर्ज केला म्हणजे नेमकं काय केलं

फॉर्म भरून ठेवला म्हणजे अर्ज झाला नाही. फी आणि सरचार्ज भरून तो ऑनलाइन सादर झाला, तो दिवस अर्जाचा. बोटांचे ठसे, फोटो किंवा ॲपवरची ओळख तपासणी नंतर झाली तरी चालते. भाच्याची ती अकरा मिनिटं म्हणूनच महत्त्वाची होती.

अर्ज वेळेत गेला, की कायद्याचं एक मोठं छत्र मिळतं. ब्रिटनच्या १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातलं ३सी कलम सांगतं की, मुदतीच्या आत अर्ज केलेला माणूस निकाल येईपर्यंत जुन्याच अटींवर कायदेशीर राहतो. निकालाला आठ आठवडे लागले आणि मधे जुना व्हिसा संपला, तरी तो ओव्हरस्टे धरत नाहीत. अभ्यास चालू राहतो, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचं कामही चालू राहतं. महागडी जलद सेवा बहुतेकांना नको, ती यामुळेच.

कामाच्या ठिकाणी मात्र याच दिवसांत धांदल उडते. शिफ्टचा मॅनेजर कामाचा हक्क ऑनलाइन तपासायचा शेअर कोड मागतो, तो टाकल्यावर व्हिसाची मुदत संपलेली दिसते आणि मुलाला घरी बसवतात. अशा वेळी मालकाला होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे विचारता येतं. अर्ज प्रलंबित असल्याची खातरजमा तिथून मिळाली, की तो सहा महिने निर्धास्तपणे कामावर ठेवू शकतो. मुलानं अर्जाची पावती दाखवून मॅनेजरला ही सेवा वापरायची विनंती करावी. भांडत बसू नये.

छत्राला एक मोठं भोकही आहे. निकाल येण्याआधी मूल भारतात आलं, तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. बहिणीचं लग्न असो की गणपती, निकाल हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका.

तारीख उलटली तर

पहिले १४ दिवस: या काळात उशिरानं अर्ज करता येतो, पण मुलाच्या हाताबाहेरचं ठोस कारण हवं आणि ते अर्जातच पुराव्यासह द्यावं लागतं. हॉस्पिटलात भरती झाल्याचे कागद हे कारण होऊ शकतं. 'तारीख लक्षात राहिली नाही' किंवा 'पैसे जमले नाहीत' हे सहसा चालत नाही. या १४ दिवसांना मुलं 'ग्रेस पीरियड' म्हणतात, ते चुकीचं आहे. या दिवसांत ३सी चं छत्र नसतं आणि काम करण्याचा हक्कही नसतो.

३० दिवसांपर्यंत: या मुदतीत मूल स्वतःच्या पैशानं निघून गेलं, तर ब्रिटनमध्ये परत येण्यावर आपोआप बंदी लागत नाही. नोंद राहते, पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ती खरी सांगावी लागते, पण दार बंद होत नाही. ज्यांची तारीख नुकतीच गेली आहे, त्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

३० दिवसांनंतर: चित्र पालटतं.

- स्वखर्चानं आपण होऊन निघाल्यास: १ वर्षाची बंदी
- देशाबाहेर काढण्याची नोटीस आल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारी खर्चानं निघाल्यास: २ वर्षं
- त्याहून उशिरा सरकारी खर्चानं निघाल्यास: ५ वर्षं
- जबरदस्तीनं पाठवणी झाल्यास किंवा अर्जात फसवणूक केलेली आढळल्यास: १० वर्षं

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत फक्त विमानाच्या तिकिटाचा फरक आहे. एकेरी तिकीट हंगामाप्रमाणे साधारण ३५ ते ६० हजार रुपयांत मिळतं. तेवढे पैसे वाचवण्यासाठी आयुष्यातलं एक वर्ष देऊ नका. गरज पडली तर नातेवाइकांकडून उसने घ्या, पण तिकीट स्वतः काढा.

सप्टेंबर २०२५ पासून होम ऑफिस व्हिसा संपत आलेल्या विद्यार्थ्यांना थेट ईमेल आणि मेसेज पाठवू लागलं आहे. राहण्याचा हक्क नसेल तर निघावं लागेल, असं त्यात स्पष्ट सांगितलेलं असतं. 'एवढ्या गर्दीत माझ्याकडे कोण बघतंय' या भरवशावर कोणी राहू नये.

रोजच्या जगण्यात काय तुटतं

बंदी नंतरची गोष्ट. त्याआधी साधं जगणं अवघड होतं. बेकायदा कामगार सापडला, तर मालकाला पहिल्या वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास ६०,००० पौंडांपर्यंत दंड होतो. म्हणून कुठलाही सरळ मालक कागद संपलेल्या मुलाला ठेवत नाही. जो ठेवतो, तो रोखीनं, ठरल्यापेक्षा कमी पगारावर ठेवतो. पगार बुडवला, तर मुलाला दाद मागायची भीती वाटते, हे त्याला पक्कं माहीत असतं. वर असं काम करणं हा मुलाचाही गुन्हा आहे, आणि त्यातून मिळालेला पगार जप्त होऊ शकतो.

इंग्लंडमध्ये घरमालकालाही भाडेकरूचा हक्क तपासावा लागतो. चूक झाली, तर पहिल्या वेळी भाडेकरूमागे १०,००० पौंडांपर्यंत दंड बसतो. त्यामुळे करार नव्यानं होत नाही, आणि मुलगा कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर गादी टाकून राहतो. बँक खातं बंद होऊ शकतं, वाहन परवाना रद्द होऊ शकतो.

आजारपणाचा खर्च तर विचारू नका. व्हिसा संपला की सरचार्जचं संरक्षणही संपतं. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, दाखवणं आणि अपघात विभागात जाणं मोफत राहतं, पण हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं, तर एनएचएस आपल्या दराच्या दीडपट बिल लावू शकतं. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त बिल थकलं, तर पुढचा व्हिसा त्याच कारणावरून नाकारला जाऊ शकतो. पोटात दुखत असताना बिलाच्या भीतीनं मूल खोलीतच पडून राहतं, आणि घरी फोनवर 'मी मजेत आहे' म्हणतं. या सगळ्या हिशेबात मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

ओव्हरस्टेची नोंद ब्रिटनपुरतीही राहत नाही. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इमिग्रेशनची माहिती आणि बोटांचे ठसे एकमेकांशी ताडून पाहतात. या देशांचे फॉर्म व्हिसा नाकारला गेला होता का, देश सोडायला सांगितलं होतं का, असे प्रश्न विचारतात. तिथं खोटं उत्तर दिलं, तर मूळ चुकीपेक्षा मोठी चूक होते.

परत येणं हाही निर्णय आहे

आपल्या घरांत हा पर्याय कोणी मोठ्यानं बोलत नाही. गावात पेढे वाटून मूल गेलेलं असतं, शैक्षणिक कर्जाला घर किंवा शेत तारण असतं. 'डिग्री न घेता परत आला' हे वाक्य ऐकायची तयारी नसते. मुलालाही ते ठाऊक असतं, म्हणून ते सांगत नाही.

पण आकडे बघा. वेळेत परत आलेल्या मुलाचा खर्च एका तिकिटाचा. रेकॉर्ड स्वच्छ राहतं. युनिव्हर्सिटीनं परवानगी दिली, तर राहिलेला प्रबंध सांगली-साताऱ्यातून सादर करून पदवी मिळते. पुढं नोकरीच्या जोरावर स्किल्ड वर्कर व्हिसानं परत जाता येतं किंवा दुसऱ्या देशात अर्ज करता येतो. कर्जाच्या हप्त्याला सवलत हवी असेल, तर परत आल्याबरोबर शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. हप्ता थकण्याआधी बोललेल्या माणसाचं बँक जास्त ऐकते.

ब्रिटनमधून निघताना पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसत नाही. म्हणून बोर्डिंग पास, ई-तिकीट आणि भारतात उतरल्याचा इमिग्रेशनचा शिक्का यांचे फोटो काढून जपून ठेवा. पाच वर्षांनी कुणी 'कधी निघालात' असं विचारलं, तर हाच पुरावा कामी येतो.

सल्ला कोणाचा घ्यायचा

पहिला सल्ला युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसचा आणि विद्यार्थी संघाच्या सल्ला केंद्राचा. तो मोफत असतो, आणि तिथली माणसं रोज हेच काम करतात. प्रकरण गुंतागुंतीचं असेल, तर वकील पाहा. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देण्यासाठी नोंदणीकृत सॉलिसिटर असावं लागतं, किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नाव असावं लागतं. ही संस्था जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी म्हणून ओळखली जायची. नोंदणीशिवाय तिथं असा सल्ला देणं गुन्हा आहे. पैसे देण्याआधी नाव यादीत शोधा, फीचा आकडा लेखी घ्या, पावती मागा.

आपल्या शहरातला एजंट मूल पाठवताना उपयोगी पडला असेल. पण ब्रिटनचा हा कायदा त्याला लागू नाही, आणि त्याचा सल्ला चुकला तर बंदी मुलावर येते. 'दोन हजार पौंड द्या, स्पॉन्सरशिप करून देतो' किंवा 'आश्रय मागा, दोन वर्षं कोणी हात लावत नाही' असं कोणी सुचवलं, तर तिथून उठून या. खोटी कागदपत्रं म्हणजे वरच्या यादीतली शेवटची ओळ, १० वर्षं. आणि होम ऑफिस फोन करून पैसे मागत नाही. तसा फोन आला, तर ठेवून द्या.

घरात भिंतीवर लावायच्या तारखा

मुलगी किंवा मुलगा ब्रिटनमध्ये असेल, तर कालनिर्णयावर या चार तारखांना गोल करा:

- व्हिसा संपण्याच्या चार महिने आधी: पासपोर्टची मुदत पाहणं, युनिव्हर्सिटीशी बोलणं
- तीन महिने आधी: अर्जाचा रस्ता खुला होतो, कॅस मागणं
- एक महिना आधी: पैसे तयार ठेवणं, कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवणं, ओटीपी कुणाच्या फोनवर येणार ते ठरवणं
- दोन आठवडे आधी: अर्ज गेला नसेल, तर परतीचं तिकीट काढणं

चौथी तारीख लिहिताना हात अडखळतो. तरी ती लिहा. ती भिंतीवर असली, की मुलाशी बोलायला सोपं जातं.

भाच्याच्या अर्जाचा निकाल सात आठवड्यांनी आला. व्हिसा मिळाला, डिझर्टेशनही झालं. त्यानंतर एकदा जेवताना मेहुण्यांनी त्याला विचारलं, "तीन आठवडे फॉर्म भरून ठेवला होतास, मग सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "दीड लाख मागायला लाज वाटत होती, बाबा. तुम्ही आधीच एवढं काढलंय." मेहुणे काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

आपली मुलं पैशाच्या लाजेपायी तारखा चुकवतात. म्हणून पुढच्या फोनला 'जेवलास का' याच्या पाठोपाठ 'तुझा व्हिसा कधीपर्यंत आहे' हेही विचारा. आणि तो काही बोलण्याआधीच सांगून टाका: पैसे लागले तर बघू, परत यावं लागलं तर ये, पण तारीख लपवू नकोस.